पॅकेजच्या रकान्यात न मावणारे वकील

कायद्याच्या कॉलेजच्या माहितीपत्रकावर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असं छापलेलं दिसलं की मला एकच शंका येते. सगळी मुलं प्लेस झाली, तर कोर्टात कोण उभं राहणार?

शंका खवचट वाटेल, पण ती त्या शब्दाच्या अर्थातूनच येते. प्लेसमेंट म्हणजे कॉलेजात कंपनी आली, मुलाखत झाली, पगार ठरला. वकिलीत असं काही होत नाही. वकिलीत सनद मिळते, एखाद्या सीनियरच्या ऑफिसात बसायला खुर्ची मिळते (तीही कधीकधी नोटरीच्या टेबलाच्या कडेला), आणि पहिला पक्षकार कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. म्हणजे कायदा शिकून जो सरळ वकील होतो, तो या हिशेबात बेकार. आणि कायदा शिकून जो एखाद्या कंपनीत करारांच्या कलमांवर पिवळा रंग फासत बसतो, तो यशस्वी. मला त्या रंग फासणाऱ्याबद्दल काही म्हणायचं नाही, त्यालाही घर चालवायचंय. मला म्हणायचंय ते हिशेब मांडणाऱ्याबद्दल.

मी श्रीवर्धनच्या कोर्टात वकिली करते. बारावीचे निकाल लागले की दोन-तीन कुटुंबं तरी ऑफिसात येतात. ‘वकीलबाई, पोरीला लॉ करायचंय, कुठं घालू?’ पूर्वी उत्तर सोपं होतं. अलिबागला दत्ता पाटलांच्या नावाचं विधी महाविद्यालय आहे, मुंबईला १८५५ पासूनचं शासकीय विधी महाविद्यालय आहे, नातेवाईक जिथे असतील तिथे घाला. आता मुलं मोबाइल पुढे करतात. बेंगळुरू, पुणे, कोलकाता. चकचकीत इमारती, मूट कोर्टाचे फोटो, आणि खाली एक मोठा आकडा: ‘हायेस्ट पॅकेज’. सगळ्या बॅचमधल्या एका मुलाचा पगार बॅनरवर, बाकीच्यांचा कुठेच नाही.

यात कॅथलिक संस्थांची कॉलेजं आली की आई-वडिलांचा चेहरा जरा सैलावतो. ‘फादरांचं कॉलेज आहे, फसवाफसवी नसणार.’ हा विश्वास उगाच आलेला नाही. आमच्याकडे इंग्रजी शाळेला सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात, मग ती गावच्या मराठा मंडळाची का असेना. पिढ्यान्‌पिढ्या सिस्टर आणि फादर यांनी नीट शिकवलं, त्याची ही पुण्याई. (नावात ‘सेंट’ असलं म्हणजे चर्चचंच असतं असं मात्र नाही. हल्ली ते अक्षर दुकानाच्या पाटीसारखं कोणीही लावतं. तेवढं तपासून घ्या.)

कॅथलिक लॉ स्कूल ही कोकणात ऐकीव गोष्ट असली, तरी देशात ती नवी नाही. बेंगळुरूचं सेंट जोसेफ्स कॉलेज ऑफ लॉ जेझुइटांचं. कोलकात्यात आणि भुवनेश्वरला झेवियर नावाची लॉ स्कूल आहेत, तीही त्यांचीच. बेंगळुरूचं क्राइस्ट विद्यापीठ सीएमआय या केरळी धर्मसंघाचं, म्हणजे १८३१ साली मान्नानमला सुरू झालेल्या परंपरेतलं. १९६९ साली कॉलेज, २००८ साली अभिमत विद्यापीठ. त्यांचा एक कॅम्पस आपल्या महाराष्ट्रात आहे, मुळशीतल्या लवासात, आणि तिथे कायद्याचेही वर्ग भरतात. कायदा शिकायला ती जागा तशी नामी. २०१० साली पर्यावरण मंत्रालयाने लवासाचं काम थांबवलं, २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेली, आणि आदिवासींच्या जमिनींचं प्रकरण तर त्याआधीपासूनचं. वर्गाची खिडकी उघडली की निम्मा अभ्यासक्रम समोर दिसावा. या कॉलेजांपैकी कुणा एकाच्या आकड्यांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते मोजण्याच्या पद्धतीशी, कारण ती बाजारातून सगळ्यांनी उचलली, आणि ज्यांनी उचलायला नको होती त्यांनीही.

अडीच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी ज्युनिअर म्हणून आली. अशाच एका कॅथलिक संस्थेच्या लॉ कॉलेजात, दूरच्या शहरात पाच वर्षं शिकलेली. कॉलेजचं नाव इथे नको. वडिलांची सुपारीची वाडी. फी आणि वसतिगृह मिळून वर्षाला तीन लाख, पाच वर्षांचे पंधरा. त्यातले बारा बँकेचे, बाकीचे वाडीतून आणि आईच्या पाटल्यांतून. ती दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. सुपारीचं झाड लावलं की फळायला पाच-सात वर्षं जातात. कर्जाला ते माहीत नसतं.

पदवीनंतर सहाएक महिन्यांनी, ऑफिसात माझ्यासमोर बसलेली असताना, तिला कॉलेजातून फोन आला. सध्या काय करतेस? म्हणाली, श्रीवर्धनला प्रॅक्टिस. कुठली फर्म? फर्म नाही, सीनियर आहेत. पॅकेज? पॅकेज नाही, स्टायपेंड मिळतो. पलीकडचा मुलगा क्षणभर गप्प झाला आणि मग मदत करण्याच्या सुरात म्हणाला, ‘मग मी तुम्हाला “नॉट ऑप्टेड” मध्ये टाकतो.’

म्हणजे ही मुलगी प्लेसमेंटच्या वाटेला गेलीच नाही, असं कागदावर आलं. यातली मेख समजून घ्या. समजा बॅच १२० जणांची आहे. त्यातले ५० जण प्लेसमेंटला बसले आणि ५० जणांना नोकरी लागली. झाले शंभर टक्के. उरलेले ७० जण भागाकारातच नाहीत. त्यात वडिलांचं ऑफिस सांभाळायला गेलेले असतात, स्पर्धा परीक्षा देणारे असतात, काही खरंच बेकार असतात, आणि काही तिच्यासारखे वकील असतात. वकील आणि बेकार एकाच पेटीत, आणि पेटी माळ्यावर.

सरकारी क्रमवारीही यात मदत करत नाही. एनआयआरएफमध्ये कायद्याच्या संस्थांना किती विद्यार्थी प्लेस झाले, त्यांचं मध्यम वेतन किती आणि किती जण पुढच्या शिक्षणाला गेले, हे भरून द्यावं लागतं. ‘सनद घेऊन तालुका कोर्टात उभे राहिले’ असा रकाना नाही. रकाना नसला की कॉलेजला त्या मुलांची आठवण ठेवायचं कारणही उरत नाही.

आता या ‘नॉट ऑप्टेड’ मुलीने अडीच वर्षांत काय केलं ते सांगते. एका विधवेचं नाव वारसनोंदीतून दिरांनी वगळलं होतं, त्या फेरफाराला हरकत घेऊन तिने तहसीलदारांपुढे नाव लावून घेतलं. म्हसळ्याकडच्या एका कुटुंबातले तिघे भाऊ आखातात, इथे चुलत्याने मुखत्यारपत्र दाखवून घर विकलेलं. त्या मुखत्यारपत्रावर सही झाली त्या दिवशी सही करणारा भारतात नव्हताच, हे तिने पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून दाखवलं. एका कोळणीची पोटगी, जी मंजूर होऊन वर्ष झालं तरी नवरा देत नव्हता, ती वसुलीच्या अर्जावर अर्ज करून सुरू केली. पर्यटकांसाठी खोल्या बांधणाऱ्या ठेकेदाराचे दोन चेक परत आले, त्याची केस सुरू आहे.

आणि वादळाची भरपाई. बागायतीला हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर झाले, तेव्हा मुंबईतल्या बातम्यांत ती रक्कम बरी दिसली. आमच्याकडे वाड्या हेक्टरांत नसतात, गुंठ्यांत असतात. हेक्टर म्हणजे शंभर गुंठे. दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या दराने ५,००० रुपये. सातबाऱ्यावर नावं अकरा, त्यातली चार मुंबईला, दोन वारलेली, आणि पैसे जमा झाले ज्याने तलाठ्याला आधी पासबुक दिलं त्याच्या खात्यावर. या पाच हजारांच्या भांडणात जो वकील पडतो त्याला फी काय मिळणार? पण हे भांडण कोणी सोडवलं नाही तर त्यातून पुढे डोकी फुटतात आणि प्रकरण माणगावला सत्र न्यायालयात जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

यातली एकही केस लॉ रिपोर्टमध्ये छापून येणार नाही. तरी तालुक्याच्या कोर्टाला कमी लेखू नका. महाडच्या चवदार तळ्याचा दावा, ज्यात खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रतिवादी होते, १९२७ साली महाडच्याच दिवाणी कोर्टात दाखल झाला. तिथून वर चढत मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला. सत्याग्रहाचं वर्ष सगळ्यांना पाठ असतं. त्यानंतरची दहा वर्षं तारखांवर हजर राहणारे वकील कोणाला आठवत नाहीत. आणि देशभरच्या लॉ कॉलेजांत ‘अंतुले विरुद्ध नायक’ (१९८८) शिकवतात, सात न्यायमूर्तींचं खंडपीठ, घटनेची कलमं वगैरे. ते बॅरिस्टर अंतुले श्रीवर्धनचे आमदार होते. मतदारसंघाचं नाव निकाल पाठ करणाऱ्यांना ठाऊक नसतं.

तर मुद्दा असा, की कायद्याची गरज जिथे सगळ्यात जास्त आहे तिथे गेलेला पदवीधर कॉलेजच्या लेखी शून्य. हे कुठल्याही खासगी कॉलेजबद्दल म्हणता येईल. मग मी कॅथलिक कॉलेजांनाच का धरतेय?

कारण ती स्वतःबद्दल जास्त बोलतात. सेवा, करुणा, शेवटचा माणूस हे शब्द त्यांच्या भिंतींवर, प्रार्थनेत आणि पदवीदानाच्या भाषणात असतात. नफ्यासाठी काढलेलं कॉलेज निदान तसा आव आणत नाही. जो जास्त बोलतो त्याला जास्त विचारायचं, एवढा साधा न्याय आहे.

दुसरं कारण घटनेतलं. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देणारं अनुच्छेद ३० हे कागदावर होतंच. त्याला दात आले ते कोर्टात. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजने गुजरात सरकारविरुद्ध १९७४ साली जिंकलेला निकाल, नऊ न्यायमूर्तींचा, प्रत्येक विद्यार्थी वाचतो. पुढे २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांत आरक्षणाची वाट उघडली, तेव्हा अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वगळण्यात आलं. या कवचाच्या मी विरोधात नाही, आजच्या दिवसांत तर मुळीच नाही. पण हे कवच कोणी मिळवून दिलं? कोर्टात उभ्या राहिलेल्या वकिलांनी. प्लेसमेंट सेलने नव्हे.

तिसरं कारण फादर स्टॅन स्वामी. जेझुइट, पेशाने वकील नव्हेत. झारखंडच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी त्यांनी २०१७ साली तिथल्या उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ५ जुलै २०२१ ला ते वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये वारले, वयाच्या ८४ व्या वर्षी, कोठडीत असताना, जामिनाचा अर्ज प्रलंबित असताना. त्या तीन हजारांच्या घरातल्या तरुण कैद्यांच्या बाजूने तालुक्या-जिल्ह्याच्या कोर्टात उभं राहणारं कोणीतरी लागतं. ते कोणीतरी ज्या कॉलेजातून यावं, त्याच कॉलेजच्या नोंदवहीत ते ‘नॉट ऑप्टेड’ असणार असेल, तर भिंतीवरची वचनं पुसून टाकलेली बरी.

अमेरिकेत कॅथलिक लॉ स्कूल पुष्कळ आहेत आणि तिथेही ही आकड्यांची हौस होती. २०११ साली व्हिलानोव्हा या कॅथलिक विद्यापीठाच्या लॉ स्कूलने प्रवेश घेणाऱ्यांचे गुण फुगवून कळवल्याचं उघड झालं आणि अमेरिकन बार असोसिएशनने त्यांना जाहीर समज दिली. शिकागोच्या डीपॉल या दुसऱ्या कॅथलिक विद्यापीठावर २०१२ साली त्यांच्याच पदवीधरांनी खटला भरला, नोकऱ्यांचे आकडे दिशाभूल करणारे आहेत म्हणून. खटला टिकला नाही. पण त्या काळातल्या ओरड्याचा परिणाम झाला. आज तिथल्या प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला पदवीनंतर दहा महिन्यांनी सगळ्या बॅचचा हिशेब जाहीर करावा लागतो. सनद लागते अशा कामात किती, पूर्ण वेळ किती, अर्धवेळ किती, कॉलेजनेच स्वतःच्या पैशाने लावलेल्या नोकऱ्या किती, आणि शोधूनही न मिळालेले किती. ‘नॉट ऑप्टेड’ची पेटी माळ्यावर टाकता येत नाही. आपल्याकडे बार काउन्सिल कॉलेजच्या ग्रंथालयातली पुस्तकं मोजते, पण पदवीधर कुठे गेले हे विचारत नाही.

आता कोणी म्हणेल, मॅडम, तुम्ही पोरांना गरिबीचे धडे देताय. लाखभर पगार मिळत असताना त्यांनी सुपारीच्या भांडणात का पडावं? पडू नये. ज्याला लॉ फर्म हवी त्याने खुशाल जावं, कर्ज फेडावं, आई-वडिलांना सुखात ठेवावं. माझं म्हणणं एवढंच आहे की आज ज्याला कोर्टात यायचंय त्यालाही येता येत नाही, आणि त्याला अडवणारी पहिली गोष्ट कॉलेजची फी आहे.

हिशेब करा. १२ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण १६,२०० रुपये, तोही शिकत असतानाचं व्याज न धरता. आणि बार काउन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनिअरला किती द्यावं असं सुचवलं? शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,०००. म्हणजे सुचवलेली रक्कम पूर्ण मिळाली तरी हप्ता भरून महिन्याला बाराशे रुपयांची तूट, आणि जेवायचं वेगळं. आमच्या बाररूममध्ये ते परिपत्रक वाचलं तेव्हा लोक हसले होते, कारण इथे कित्येक सीनियरांचंच महिन्याचं उत्पन्न कुठल्या महिन्यात किती हे ठरलेलं नसतं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सनदेची फी ७५० रुपयांच्या वर घेता येणार नाही असं ठरवलं, ते चांगलं झालं. दार स्वस्त झालं, दारापर्यंतचा रस्ता महागच आहे.

त्यात मे २०२५ चा निकाल आला. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. तत्त्व म्हणून मला पटतं. कोर्टाचा उंबरा न ओलांडलेला न्यायाधीश आम्ही सोसलेला आहे. पण ही तीन वर्षं कोण काढू शकतं? ज्याचं शहरात घर आहे, ज्याचा बाप वकील आहे, ज्याच्यावर कर्ज नाही. पुढच्या वीस वर्षांत न्यायदानाच्या खुर्चीवर कोण बसणार, याची चाळण अशी आर्थिक होऊन बसली आहे, आणि त्या चाळणीला बारीक जाळी लावायचं काम लाखांची फी करते.

माझ्या ज्युनिअरची तीन वर्षं भरायला सहा महिने उरलेत. मागच्या महिन्यात तिने विचारलं, ठाण्यात एका कंपनीत परदेशी करार तपासायची नोकरी आहे, घेऊ का? हप्ते बाबा भरतायत, आणि नवी लावलेली सुपारी अजून फळावर आलेली नाही. मी ‘थांब’ म्हणाले नाही. मला तो हक्क नाही. तिने नोकरी घेतली तर कदाचित कॉलेजचा तोच मुलगा पुन्हा फोन करेल आणि या वेळी तिला आनंदाने ‘प्लेस्ड’मध्ये टाकेल. त्या दिवशी श्रीवर्धन कोर्टातली तिची वकीलपत्रं दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर करावी लागतील, आणि पोटगीवाल्या कोळणीला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल.

कॉलेजने काय करावं? दहा पदवीधरांना तालुका कोर्टात तीन वर्षं महिना १५,००० द्या. एका बॅचच्या दहा जणांचे वर्षाला १८ लाख होतात. तिच्या कॉलेजच्या दराने सहा विद्यार्थ्यांची एका वर्षाची फी आणि वसतिगृह. तीन बॅच एकदम धरल्या तरी अठरा विद्यार्थी. अमेरिकेतली बरीच लॉ स्कूल लोकसेवेत गेलेल्यांचं कर्ज फेडायला हातभार लावतात, त्यामुळे ही काही आकाशातली कल्पना नाही. लीगल एड क्लिनिकचं उत्तर मला देऊ नका. ते अभ्यासक्रमातच आहे, आणि वर्षातून दोनदा गावात जाऊन बॅनरसमोर फोटो काढण्याला मी क्लिनिक म्हणत नाही. गोव्यात साळगावकर लॉ कॉलेजने गावोगाव कायदा मदत केंद्रं चालवून दाखवली आहेत, आणि ते काही चर्चचं कॉलेज नाही.

तोवर, जे यंदा प्रवेश घेणार आहेत त्यांनी प्रवेशाच्या काउंटरवर पॅकेज विचारू नका. पाच वर्षांपूर्वीच्या बॅचमध्ये एकूण मुलं किती होती ते विचारा. त्यातल्या किती जणांनी सनद घेतली, आज किती जण कोर्टात उभे राहतात, आणि कुठल्या तालुक्यात, कुठल्या जिल्ह्यात. कर्ज काढून आलेल्यांपैकी किती जणांनी वकिली सोडली. ‘नॉट ऑप्टेड’ किती आणि ते कोण. आणि उत्तर ईमेलवर मागा, फोनवर नको.